क्याख्ता : एका मनाईवर उभं राहिलेलं चहाचं गाव

चहाची पेटी गोबीचं वाळवंट ओलांडून क्याख्त्याच्या वखारीत उतरली, की तिला नवा अंगरखा शिवला जाई. ओलं, कच्चं कातडं घ्यायचं, केसांची बाजू आत ठेवायची, पेटीभोवती ताणायचं आणि जाड सुईने शिवून टाकायचं. वाळता वाळता कातडं आकसे आणि पेटीला घट्ट आवळून धरी. तिथून पुढे मॉस्कोपर्यंत सुमारे सहा हजार किलोमीटरची वाट होती. हिवाळ्यात गोठलेल्या बैकल सरोवरावरून घसरगाड्या, उन्हाळ्यात होड्या, मध्ये चिखलाचे रस्ते. या सगळ्यातून पानाला ओल लागू नये म्हणून ते कातडं. कातडं शिवणारे, पेट्या मोजणारे, गाडीवान, हमाल, कारकून असं अर्धं गाव या पेट्यांवर पोट भरत होतं. उरलेलं अर्धं त्यांना भाकरी विकून जगत होतं.

आज क्याख्ता रशियाच्या बुर्यातिया प्रजासत्ताकात आहे, मंगोलियाच्या हद्दीला अगदी चिकटून. वस्ती सुमारे 20 हजार. नकाशावर बैकलच्या दक्षिणेला बोट सरकवत नेलं की सापडतं, नाहीतर नजर त्याच्यावरून निघून जाते. पण 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात रशियात प्यायला जाणारा जवळजवळ सगळा चहा या एका नाक्यावरून आत येत होता. 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात काही वर्षं अशी गेली, की रशियाच्या एकूण जकातीतला पाचव्या हिश्शाहून जास्त पैसा एकट्या क्याख्त्याने भरला. या गावाला बंदर नव्हतं, खाण नव्हती, धड शेतजमीनही नव्हती. हे गाव घडलं एका नियमामुळे, आणि ओस पडलं तो नियम सुटल्यामुळे. म्हणूनच त्याची हकीकत सुरुवातीपासून मांडावीशी वाटली.

गाव बसवलं ते करारातल्या एका कलमाने

रशिया आणि चीनचं छिंग साम्राज्य यांच्यात 1689 साली नेरचिन्स्कचा करार झाला होता. त्यानंतर रशियाचे सरकारी तांडे थेट पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, जाऊ लागले. सैबेरियातली फर घेऊन जायची, रेशीम आणि सुती कापड घेऊन परतायचं. पण मंगोलियाची हद्द कुठे संपते याचा निकाल लागलेला नव्हता. इकडचे पळालेले लोक तिकडे, तिकडचे इकडे, यावरून कुरबुरी वाढल्या आणि पेकिंगने व्यापार थांबवला. तेव्हा महाराणी पहिली कॅथरिन हिने 1725 साली साव्वा व्लादिस्लाविच-रागुझिन्स्की याला वकील म्हणून पाठवलं. हा मूळचा हर्झेगोविनातला सर्ब आणि हाडाचा व्यापारी. रशियन दरबारात तो मोठा झाला होता तो सौदे करून. पेकिंगमध्ये महिनोन्‌महिने घासाघीस झाली, मग सीमेवर येऊन पुन्हा घासाघीस. 1727 च्या बुरा करारात हद्द ठरली आणि 1728 साली क्याख्त्याच्या करारावर शेवटच्या सह्या झाल्या.

त्या करारानुसार सरकारी तांडा दर तीन वर्षांनी एकदाच पेकिंगला जाणार, त्यात 200 पेक्षा जास्त माणसं नसणार. बाकीच्या व्यापाऱ्यांसाठी सीमेवर दोनच जागा : क्याख्ता आणि अर्गुन नदीवरचं त्सुरुखाइतू. दुसरी जागा फार आडवळणी होती, तिथे बाजार कधी धड भरलाच नाही. उरलं क्याख्ता. दोन अवाढव्य साम्राज्यांमध्ये हजारो किलोमीटरची हद्द, आणि तिच्यात कायदेशीर दार एकच.

जागा मात्र मोठ्या नदीकाठची निवडली नाही. क्याख्ता हा एक किरकोळ ओढा, त्याच्या काठी गाव बसवलं. असं सांगतात, की हा ओढा रशियाकडून चीनकडे वाहत होता, म्हणून साव्वाने तो पसंत केला : वरचं पाणी आपल्या हातात असलं म्हणजे शेजाऱ्याकडून ते नासवलं जाण्याची भीती नाही. विचार शहाणपणाचा होता, पण पाण्याची बोंब गावाच्या कपाळी कायमची लिहिली गेली. माती रेताड, वारा सुटला की डोळ्यांत वाळू. पुढे श्रीमंती आल्यावर लोक या गावाला ‘वाळूतलं व्हेनिस’ म्हणू लागले.

वस्त्या खरं तर तीन होत्या. हद्दीपासून चारेक किलोमीटर आत त्रोइत्स्कोसाव्स्क, तिथे किल्ला, कचेऱ्या, शिपाई आणि सामान्य माणसं. अगदी हद्दीवर क्याख्ता, म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ. आणि मोकळं मैदान ओलांडलं की समोर चिनी व्यापाऱ्यांचं माइमाइचेंग. या नावाचा अर्थच ‘खरेदी-विक्रीचं गाव’. तिथे लाकडी तटबंदी, रंगवलेले दरवाजे, नीटनेटकी अंगणं, देऊळ, पण बाई एकही नाही. चीनच्या नियमाने व्यापाऱ्यांना बायकांना तिथे आणायला बंदी होती. बहुतेक व्यापारी शान्शी प्रांतातले. घरसंसार शेकडो कोस लांब ठेवून ते वर्षानुवर्षं इथे बसत. दिवसा दोन्हीकडची माणसं मैदान ओलांडून एकमेकांच्या घरी चहा प्यायला, माल पाहायला जात. संध्याकाळी दरवाजे बंद होण्याआधी ज्याने त्याने आपल्या हद्दीत परतायचं.

पैशाशिवायचा बाजार

इथल्या व्यवहाराची सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे त्यात नाणं नव्हतं. रशियन सरकारला आपलं सोनं-चांदी देशाबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे क्याख्त्यात रोखीने खरेदी हा गुन्हा होता. मालाला माल. मोजायला काहीतरी माप लागतं, म्हणून सुरुवातीला ‘कितायका’ नावाच्या चिनी सुती कापडाचा ठाण हे माप धरलं गेलं. खारीची इतकी कातडी म्हणजे कितायकाचे इतके ठाण, त्याबदल्यात इतकं रेशीम. 19 व्या शतकात कापडाची जागा चहाच्या पेटीने घेतली. भाव सांगायचा तो पेट्यांमध्ये.

1800 साली रशियाने नियम आणखी आवळले. व्यापाऱ्यांनी आपल्यातूनच पंच निवडायचे, पंचांनी रशियन आणि चिनी मालाचे भाव ठरवायचे आणि ते भाव मोडून कुणी स्वस्तात माल दिला तर त्याला शिक्षा. हेतू हा, की आपलीच माणसं एकमेकांच्या वरताण करून भाव पाडू नयेत. चिनी व्यापारी मात्र आधीपासूनच जूट बांधून होते. कोणता रशियन व्यापारी काय माल घेऊन आला आहे आणि त्याला किती घाई आहे, याच्या बातम्या ते रोज आपसांत वाटून घेत. रशियन बाजूने कागदावर एकी आणली, ती प्रत्यक्षात वारंवार फुटली. ज्याच्या डोक्यावर उरल डोंगराजवळच्या इर्बितच्या जत्रेआधी माल गाठायची घाई, तो रात्री गुपचूप पंचांचा भाव मोडायचाच.

भाषेतही चिनी बाजू दोन पावलं पुढे होती. इथे व्यापार करायचा तर रशियन शिकावीच लागेल, असा त्यांच्याकडे दंडक होता. कारण साधं : आपण त्यांची भाषा शिकलो तर त्यांना आपली शिकायची गरज पडणार नाही, आणि आपलं बोलणं त्यांच्यापासून राखलेलं राहील. या शिकण्यातून एक वेगळीच बाजारू बोली तयार झाली. शब्द रशियन, पण विभक्त्या आणि काळ गळून पडलेले. ‘मोया त्वोया पोनिमाय न्येतु’ म्हणजे ‘मला तुझं कळत नाही’. शब्दशः घेतलं तर ‘माझं तुझं समज नाही’. क्रियापदाचं आज्ञार्थी रूपच सगळीकडे वापरायचं. अस्खलित रशियन येणाऱ्या माणसालाही ही बोली वेगळी शिकावी लागे, नाहीतर सौदा जमत नसे. गावात चिनी भाषेची शाळा निघायला 1830 चं दशक उजाडलं. ती उभी करण्यात इयाकिन्फ बिचुरिन या चीनतज्ज्ञ साधूचा हात होता. शंभर वर्षं शेजाऱ्याशी व्यापार करून त्याची भाषा शिकायची सोय इतकी उशिरा करावी, हे मला या सगळ्या प्रकरणातलं रशियन बाजूचं सगळ्यात मोठं दुर्लक्ष वाटतं.

चहाआधी क्याख्त्याचं नाव युरोपात पोचवलं ते एका मुळाने. रेवाचिनी. आपल्याकडे आजीच्या बटव्यात, वैद्यांच्या दुकानात असलेलं जुलाबाचं औषध. 18 व्या शतकातल्या युरोपात ते फार मोलाचं होतं आणि त्याची खरेदी रशियन सरकारने स्वतःच्या हातात ठेवली होती. बुखारी व्यापारी चीनच्या पश्चिम डोंगरातून ते मूळ आणत. क्याख्त्यात सरकारी औषधी-तपासनीस बसलेला असे. तो तुकडा न्‌ तुकडा पाही, आत कीड किंवा कूज आहे का हे कळावं म्हणून भोक पाडून बघे, आणि नापास झालेला माल जाळून टाकी. पेटर सिमॉन पालास हा निसर्गशास्त्रज्ञ 1772 साली इथे येऊन गेला, त्याने हे बारकाईने नोंदवलं आहे. रशियामार्गे आलेली रेवाचिनी युरोपच्या बाजारात सर्वोत्तम मानली जाई ती या जाळण्यामुळेच.

रशियाकडून जाणारा माल म्हणजे प्रामुख्याने फर. खार, कोल्हा, सेबल, आणि अलास्काच्या बेटांवर मारलेली सागरी पाणमांजरं. कँटन बंदर रशियन जहाजांना बंद होतं, म्हणून ही कातडी ओखोत्स्क, याकुत्स्क, इर्कुत्स्क असा जीवघेणा खुष्कीचा फेरा घालून क्याख्त्यात येत. इंग्रज आणि अमेरिकन जहाजं तीच कातडी सरळ समुद्रातून कँटनला उतरवत होती. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती.

दार बंद झालं तेव्हा

एकच दार असलं की ते बंद करण्याची ताकद कुणाच्या हातात, हा प्रश्न येतो. ती पेकिंगच्या हातात होती. 1762 ते 1768, 1778 ते 1780 आणि 1785 ते 1792 अशी लांबलचक बंदी क्याख्त्याने सोसली. मधल्या काळातल्या लहानसहान बंदी वेगळ्याच. कारणं कधी पळून आलेल्या लोकांना परत न केल्याची, कधी जकातीची, कधी नुसत्या पत्रातल्या भाषेची. 1785 सालची ठिणगी तर काही बुर्यात दरोडेखोरांची. त्यांनी चिनी व्यापाऱ्याला लुटलं. करारात ठरल्याप्रमाणे त्यांना सीमेवर मृत्युदंड द्या, असं पेकिंगचं म्हणणं. रशियन अधिकाऱ्यांनी फटके देऊन त्यांना दूर सैबेरियात धाडलं. एवढ्यावरून सात वर्षं बाजार बंद.

सात वर्षं म्हणजे काय, हे त्या गावात उभं राहून पाहायला हवं. वखारीत खारीच्या कातड्यांना कसर लागते आहे, गाडीवान दुसरीकडे निघून गेले आहेत, समोरच्या माइमाइचेंगमध्ये ओळखीच्या माणसांची घरं रिकामी. 1792 साली बाजार पुन्हा उघडला. त्या वेळच्या करारनाम्याची सुरुवातच अशी, की या व्यापारातून चीनला लाभ काही नाही, पण सम्राटाला साऱ्या माणसांची कणव आहे, तुमच्या गरीब प्रजेसाठी परवानगी देत आहोत. रशियन अधिकाऱ्यांनी ते गिळून सही केली. त्यात त्यांची कसोटी होती आणि माझ्या मते ते त्यात उतरले. मान मोठा की बाजार मोठा, याचं उत्तर त्यांनी बाजार दिलं आणि पुढची साठ-सत्तर वर्षं गाव त्यावर फुललं.

चहाची साठ वर्षं

1792 नंतर चहाने बाकी सगळ्या मालाला मागे टाकलं. 1850 च्या आसपास चीनकडून येणाऱ्या मालात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चहाचा होता. फुजियान प्रांतातल्या वूयी डोंगरात पान तयार होई. तिथून माणसाच्या खांद्यावर आणि नदीतून उत्तरेला, मग झांगजियाकोउ, तिथून उंटांवर मंगोलिया, उर्गा (आजचं उलानबातर), क्याख्ता. पुढे इर्कुत्स्क, तोम्स्क, इर्बितची जत्रा आणि शेवटी व्होल्गाकाठची निझ्नी नोवगोरोदची महाजत्रा. डोंगरातून निघालेलं पान मॉस्कोच्या समोवारपर्यंत पोचायला वर्षाहून जास्त काळ लागे. निझ्नीच्या जत्रेत चहाचा भाव फुटल्याशिवाय बाकीच्या मालाचे सौदेही रंगत नसत. साधी माणसं, बुर्यात आणि मंगोल लोक दाबून केलेला विटेचा चहा पीत. सैबेरियात त्या विटा नाण्यासारख्या चालत. नाणंबंदीच्या बाजाराचा माल पुढे जाऊन स्वतःच नाणं झाला.

आपण ‘चहा’ म्हणतो आणि रशियन माणूस ‘चाय’ म्हणतो, दोन्ही चिनी ‘चा’चीच लेकरं. इंग्रजांचा ‘टी’ फुजियानच्या किनाऱ्यावरच्या ‘ते’ या उच्चारातून जहाजांबरोबर गेला. आणि मुंबईचा एक धागा इथे नकळत गुंतलेला आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनला जात होती. तिच्या विक्रीच्या पैशांतून इंग्रज चहा विकत घेऊन लंडनला नेत होते. समुद्रमार्गे चहा आणायला रशियात मनाई होती, तरी त्या समुद्री चहातला बराच माल चोरट्या वाटेने पश्चिमेकडून रशियात शिरे. क्याख्त्याच्या चहाच्या निम्म्याहून कमी भावात तो मिळे. मुंबईत ज्या व्यापाराने हवेल्या उभ्या राहिल्या, त्याच व्यापाराने गोबीपलीकडच्या एका गावाच्या पायाखालची वाळू सरकवायला सुरुवात केली होती, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

क्याख्त्याच्या शेटजींनी कमावलं आणि गावात लावलं, हे मोकळेपणाने सांगायला हवं. आत येणाऱ्या चहाच्या प्रत्येक पेटीमागे त्यांनी आपखुशीने एक पट्टी बसवून घेतली होती. तो पैसा शाळा, दवाखाना, रस्ते, गावचा खर्च यांसाठी. बैकलच्या दक्षिणेकडचा खामार-दाबान डोंगर फोडून मालासाठी रस्ता काढला तोही व्यापाऱ्यांच्या खर्चाने. 1830 च्या दशकात पेठेत पुनरुत्थानाचं चर्च उभं राहिलं. त्यातल्या वेदीपुढच्या पडभिंतीला स्फटिकाचे खांब होते. जवळच्या सेलेंगिन्स्कमध्ये बेस्तुझेव बंधू राहत होते, 1825 च्या डिसेंबरमधल्या उठावात भाग घेतल्याबद्दल हद्दपार झालेले. गावातला तरुण व्यापारी अलेक्सेय लुश्निकोव त्यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे त्याचं घर साऱ्या प्रवाशांचा मुक्काम झालं. 1862 साली ‘क्याख्तिन्स्की लिस्तोक’ हे बैकलपलीकडचं पहिलं वर्तमानपत्र इथून निघालं. ते काही महिनेच चाललं. निघालं त्याच वर्षी गावाचं नशीब फिरलं होतं, हा योगायोग मनाला चटका लावतो.

मनाई उठली

घसरणीची सुरुवात चीनमधल्या ताइपिंग बंडाने झाली. 1853 च्या सुमाराला चहाचे रस्ते तुटले, पान महागलं आणि चिनी व्यापारी रोख चांदी मागू लागले. 1855 साली रशियाने सोन्या-चांदीत व्यवहाराला परवानगी दिली. सव्वाशे वर्षांचा मालाला मालाचा बाजार तिथेच संपला. 1860 च्या पेकिंग करारानंतर रशियन व्यापाऱ्यांना चीनच्या आत जाता येऊ लागलं. 1861 साली जकात कचेरी क्याख्त्यातून उचलून इर्कुत्स्कला नेली. आणि 1862 पासून समुद्रमार्गे येणारा चहा रशियात कायदेशीर झाला. म्हणजे चोरटा चहा उजळ माथ्याने आला.

यातल्या प्रत्येक निर्णयामागे सबळ कारण होतं. चोरटा माल थांबत नव्हता, लोकांना चहा महाग पडत होता, एका नाक्याच्या भल्यासाठी साऱ्या देशाने जास्त दाम का मोजावेत, हा सवाल रास्तच होता. निर्णय घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण गाव ज्यावर उभं होतं ती मनाई होती, आणि ती गेल्यावर दुसरं काय, याचा विचार कोणत्याही कचेरीत झाला नाही. 1869 साली सुएझ कालवा उघडला, ओदेसा बंदरात चहाची जहाजं लागू लागली. 1903 साली रेल्वे मांचुरियातून पार झाली आणि उंटाच्या वाटेचं उरलंसुरलं महत्त्वही संपलं. रेल्वेचा मार्ग क्याख्त्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांबून गेला होता.

इथे एक गोष्ट वेगळी काढून पाहावी. व्यापारी गाफील राहिले असं म्हणायची पद्धत आहे, पण क्याख्त्याच्या बाबतीत ते खरं नाही. 1860 च्या दशकातच रशियन व्यापारी चीनमध्ये हांकोउला पोचले, तिथे त्यांनी विटेच्या चहाचे कारखाने काढले, त्यांत क्याख्त्याचे लोकही होते. त्यांनी चहाचा माग बरोबर काढला. पैसा हलला, माणूस हलला. कातडं शिवणारा, पेट्या उचलणारा, घसरगाडी हाकणारा मात्र जागच्या जागी राहिला, कारण त्याचं कौशल्य त्या वाटेशी बांधलेलं होतं. शेटजी पेढी हलवू शकतो. सुई घेऊन बसलेल्या माणसाने कुठे जायचं?

1890 साली गावात वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. प्रझेव्हाल्स्की हा रशियन प्रवासी-संशोधक 1870 साली मध्य आशियाच्या पहिल्या स्वारीवर इथूनच निघाला होता आणि अशा कितीतरी मोहिमांचं सामान इथून गेलं-आलं. बाजार सरत असताना गावाने आपली आठवण जपून ठेवायला घेतली, आणि ते संग्रहालय आजही सैबेरियातल्या जुन्या नावाजलेल्या संग्रहालयांपैकी एक आहे. 1915 साली रशिया, चीन आणि मंगोलिया यांचा करार इथेच झाला. मग रशियात यादवी युद्ध आलं. मार्च 1921 मध्ये मंगोलियाच्या क्रांतिकारकांनी क्याख्त्यात आपला पक्ष स्थापला आणि 18 मार्चला त्यांचा सेनानी सुखबातर याच्या सैन्याने समोरच्या चिनी शिबंदीकडून माइमाइचेंग जिंकलं. त्या लढाईत ते लाकडी गाव जळालं. देऊळ, रंगीत दरवाजे, अंगणं, काही उरलं नाही. त्याच्याजवळ आज मंगोलियाचं अल्तानबुलाग आहे.

1934 साली त्रोइत्स्कोसाव्स्क आणि व्यापारी पेठ मिळून एकच गाव केलं गेलं आणि त्याला क्याख्ता नाव मिळालं. उलान-उदेहून मंगोलियाकडे रेल्वे आली खरी, पण ती नौश्की गावातून हद्द ओलांडते, क्याख्त्याला पश्चिमेकडून टाळून. मालाचे ट्रक तेवढे इथल्या नाक्यावर थांबतात. नाक्याजवळ पुनरुत्थानाचं चर्च उभं आहे. चर्चकडून दक्षिणेला पाहिलं की पलीकडे मंगोलियाची मोकळी जमीन दिसते. उंट तिथूनच उतरत असत.